जेली पिवळी झाली, तरी माल का नाकारला?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: सिन्नर तालुक्यात माझे चार हजार पक्ष्यांचे ब्रॉयलर शेड आहे. कंपनीच्या करारावर नाही. पिल्ले, खाद्य, औषध सगळे स्वतःचे. एप्रिलच्या लॉटला चौतिसाव्या दिवशी सर्दी लागली, पक्षी घरघरायला लागले. औषध दुकानदाराने एन्रोफ्लॉक्सासिन १० टक्के हे प्रतिजैविक दिले. लिटरला एक मिली याप्रमाणे पाच दिवस टाकीतून पाजले, अडतिसाव्या दिवशी बंद केले. बाटलीवर किती दिवस थांबायचे ते लिहिलेले नव्हते, म्हणून पाच दिवस धरले. त्रेचाळिसाव्या दिवशी पुण्यातल्या हॉटेलांना माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने अडीच हजार पक्षी उचलले. त्याआधी मी जांभळ्या जेलीच्या किटवर मांस तपासले होते. जेली पिवळी झाली, म्हणजे निगेटिव्ह. तरी व्यापाऱ्याच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला: एन्रोफ्लॉक्सासिन १४८, सिप्रोफ्लॉक्सासिन २२ मायक्रोग्रॅम प्रति किलो, मर्यादा १००, फेल. सिप्रो तर मी दिलेच नव्हते. माल त्याच्या फ्रीजरमध्ये पडून आहे आणि पैसे अडकलेत. रिपोर्ट खोटा आहे का? शेडमध्ये उरलेल्या चौदाशे पक्ष्यांचे काय करू? आणि पुढच्या वेळी माल जाण्याआधीच तपासायचे तर कसे?

उत्तर:

नमस्कार.

आधी सिप्रोचे सांगतो, कारण तुमचा सगळा संशय त्याच्यावर उभा आहे. कोंबडीच्या शरीरात एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो. तुम्ही सिप्रोचा थेंबही दिला नाही तरी मांसात ते सापडणारच. म्हणून मर्यादाही दोघांच्या बेरजेवर असते. तुमचा खरा आकडा १४८ नाही, १७० आहे. उलट हे २२ तुमच्या शंकेचे उत्तर देऊन जातात. नमुना कापणाऱ्याच्या हाताला किंवा सुरीला बाटलीतले औषध लागले असते, तर रिपोर्टमध्ये एन्रो दिसले असते आणि सिप्रो सहसा दिसले नसते. दोन्ही आहेत, म्हणजे औषध पक्ष्याच्या अंगातून गेलेले आहे. रिपोर्ट खोटा ठरवण्याच्या मागे लागू नका.

तुमचे किटही खोटे बोलले नाही. त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

त्या जेलीत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, सोबत त्यांचे खाद्य आणि रंग बदलणारे द्रव्य. ६४ अंश सेल्सिअसला हा जंतू वाढतो, आम्ल तयार करतो आणि जांभळी जेली पिवळी होते. मांसाच्या रसात त्याला मारणारे प्रतिजैविक असेल तर तो वाढत नाही आणि जेली जांभळीच राहते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांना हा जंतू फार हळवा आहे, सल्फा औषधेही त्याला कळतात. पण एन्रोफ्लॉक्सासिनच्या कुळाला, म्हणजे क्विनोलोनना, तो दाद देत नाही. किलोला १७० मायक्रोग्रॅम ही त्याच्या दृष्टीने काहीच नाही. जेली पिवळी झाली याचा अर्थ इतकाच, की मांसात पेनिसिलिनसारखे काही नव्हते. एन्रो आहे की नाही हे तिने सांगितलेच नाही. प्रयोगशाळांमध्ये जंतूंच्या थाळ्या लावून चाचणी करतात तेव्हाही क्विनोलोनसाठी ई. कोलायची वेगळी थाळी ठेवावी लागते, ती याचसाठी.

किट घरात आहेच, तर ते नीट वापरण्याचेही दोन शब्द. ज्या लॉटला अमॉक्सिसिलिन दिले असेल तिथे ते उपयोगी पडेल. मांसाचा लहान तुकडा दाबून रस काढायचा, १०० मायक्रोलिटर रस जेलीवर सोडायचा, २० मिनिटे तसाच मुरू द्यायचा, मग रस ओतून टाकून डिमिनरलाइज्ड पाण्याने दोनदा हलके धुवायचे आणि वर फॉइल लावून ६४ अंशाला गरम राहणाऱ्या विजेच्या ब्लॉकमध्ये ठेवायचे. साधारण तीन तास लागतात. पण घड्याळ पाहून बाहेर काढायचे नसते. सोबत ठेवलेली औषधमुक्त मांसाची अँप्युल (जेलीची कुपी) पिवळी झाली की त्याच क्षणी सगळ्या वाचायच्या. उशीर केला तर जांभळी राहायला हवी होती तीही पिवळी पडते. मध्ये वीज गेली आणि ब्लॉक थंड झाला तर जंतू वाढतच नाही, सगळे जांभळे राहते आणि तुम्ही उगाच चांगला लॉट थांबवता. ग्रामीण भागात हे दुसरे जास्त घडते. ब्लॉकला छोटा इन्व्हर्टर जोडा. आणि काळीज (यकृत, म्हणजे लिव्हर) किंवा किडनी या किटवर लावू नका. त्यांत जंतूला रोखणारे नैसर्गिक घटक असतात, त्यामुळे औषध नसतानाही जेली जांभळी राहू शकते.

आता पाच दिवस का पुरले नाहीत. इथे थोडे थांबून हिशेब पाहा.

कोंबडीसाठी एन्रोफ्लॉक्सासिनचा नेहमीचा डोस वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम. चौतीस दिवसांचा पक्षी सरासरी १.८ किलोचा धरला तर हजार पक्ष्यांचे वजन १,८०० किलो, औषध लागेल १८ ग्रॅम. दहा टक्क्यांच्या औषधात मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे हजार पक्ष्यांना दिवसाला १८० मिली. थंड हवेत हजार पक्षी दिवसाला सव्वातीनशे-साडेतीनशे लिटर पाणी पितात, म्हणून "लिटरला अर्धा मिली" हे प्रमाण जमते. तुम्ही दिले लिटरला एक मिली, आणि तेही एप्रिलच्या उन्हात. उन्हाने तहानलेले हजार पक्षी ४०० लिटर सहज पितात. म्हणजे १८० मिलीऐवजी ४०० मिली औषध पोटात गेले, किलोमागे साधारण २२ मिलिग्रॅम. डोस सव्वादोन पट झाला.

पण खरे सांगायचे तर एवढ्याने १७० चा आकडा उलगडत नाही. एन्रो कोंबडीच्या रक्तात अर्धे व्हायला साधारण दहा-पंधरा तास लागतात. डोस दुप्पट झाला तर उतरायला असा एक जास्तीचा टप्पा लागतो, म्हणजे एका दिवसाच्या आतले काम. मांस आणि कातडी रक्तापेक्षा सावकाश उतरतात हे धरले तरी पाचव्या दिवशी १७० म्हणजे फार. आमचा अंदाज असा, की औषध "बंद" केल्यावरही पक्ष्यांना ते थोडे थोडे मिळतच राहिले.

ते कुठून मिळाले हे तुम्हीच शोधू शकता. टाकी घ्या आधी. बोअरचे पाणी जड, म्हणजे क्षारांचे असेल तर एन्रो त्यात पूर्ण विरघळलेले राहत नाही, पांढरट साका धरते. औषध बंद केल्यावर टाकी नुसती नव्या पाण्याने भरली असेल, तर तो साका पुढचे दोन-तीन दिवस विरघळत राहतो. निपलच्या लाइनचे, म्हणजे पक्षी ज्यातून पाणी पितात त्या नळीचे, शेवटचे बूच उघडा आणि पहिला मग भरून पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. त्यात चिकट, गढूळ थर आला तर उत्तर मिळाले. त्या टोकाच्या पक्ष्यांनी औषध शेवटपर्यंत प्यायलेले असते. त्यानंतर शेडमध्ये खाली अंथरलेले तूस. दिलेल्या औषधाचा बराच भाग विष्ठेवाटे तुसात पडतो, आणि ब्रॉयलर दिवसभर तूस चोचीने उकरून खातो. सल्फा औषधे आणि कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगावरचे निकार्बाझिन असे तुसातून पुन्हा पोटात जातात हे फार जुने निरीक्षण आहे. एन्रोही तुसात लवकर मोडत नाही. शेवटी कपाट उघडा. "लिव्हर टॉनिक", "वजनवाढीचे", "सर्दीचे आयुर्वेदिक" अशा नावांची जी पुडी शेवटच्या आठवड्यात दिली असेल तिच्या लेबलवर घटक लिहिलेले आहेत का पाहा. घटक लिहिलेले नसतील तर ती पुडी शेवटच्या आठवड्यात शेडमध्ये जाता कामा नये.

आणि बाटली. बाटलीवर थांबण्याचा काळ लिहिलेला नव्हता, म्हणून तुम्ही पाच दिवस मनाने धरले. इथे कायद्याने मोठी सोय करून ठेवली आहे, पण ती तुमच्या सोयीची नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत जानेवारी २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार जनावरांच्या औषधावर तो काळ छापणे बंधनकारक आहे. तो दिलेला नसेल तर अंडी-दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. अडतिसाव्या दिवशी औषध थांबवले, त्यात २८ मिळवले की सहासष्टावा दिवस येतो. ब्रॉयलर तोवर कोण ठेवतो? म्हणजे लेबल कोरे असलेली बाटली बेचाळीस दिवसांच्या लॉटमध्ये चौदाव्या दिवसानंतर वापरायचीच नाही, असा याचा साधा अर्थ. याच औषधाच्या नामांकित उत्पादनांवर परदेशात कोंबडीच्या मांसासाठी सात दिवस छापलेले असतात. पण ते त्या डोसला, त्या उत्पादनाला आणि स्वच्छ टाकीला लागू. अमेरिकेने तर २००५ मध्ये कोंबड्यांना एन्रोफ्लॉक्सासिन देणेच बंद केले, कारण माणसांच्या उपचारात लागणाऱ्या सिप्रोला जंतू दाद देईनासे होऊ लागले होते. दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावर हे औषध घेऊ नका. सर्दीच्या लॉटला पहिल्यांदा पशुवैद्यकाला बोलवा. अनेकदा ती हवा न खेळल्याने साचलेल्या अमोनियाची घरघर असते, आणि त्यावर कुठलेच प्रतिजैविक चालत नाही.

आता रिपोर्ट पुन्हा हातात घ्या. त्यावर नमुना म्हणून नुसते "चिकन" लिहिले आहे की "मांस", "काळीज", "कातडीसह मांस" असे नेमके? १७० हा आकडा मांसात असेल तर फेल, काळजात असेल तर पास. तुमच्या व्यापाऱ्याने युरोपची मर्यादा धरलेली दिसते. त्या यादीत एन्रो आणि सिप्रो मिळून मांसाला १००, कातडी व चरबीला १००, काळजाला २०० आणि किडनीला ३०० मायक्रोग्रॅम प्रति किलो आहे. काळीज-किडनीत औषध जास्त साठते म्हणून त्यांची मर्यादाही जास्त. प्रयोगशाळेला लेखी विचारा: कोणता भाग तपासला, कातडी काढली होती का, किती पक्ष्यांचा मिळून नमुना होता. उत्तर "काळीज" असे आले तर तुमचे भांडण खरे आहे आणि लढण्याजोगे आहे. "मांस" असे आले तर पुन्हा तपासणीवर पैसे घालवू नका. १०५ वगैरे आकडा असता तर मोजणीतल्या अनिश्चिततेचा मुद्दा काढता आला असता. १७० ला ते जमणार नाही.

व्यापाऱ्याशी पुढचा व्यवहार करताना मर्यादा कुठली हेही कागदावर घ्या. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे प्रतिजैविकांच्या अवशेषांबाबतचे सुधारित, जास्त कडक नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. काही खरेदीदार ते धरतात, काही युरोपची यादी धरतात, काही "अवशेष अजिबात नको" असे लिहितात. तिसऱ्या प्रकाराला सरळ विचारा, की अजिबात म्हणजे किती? यंत्र कितीपर्यंत खाली पाहू शकते यावर "अजिबात" ठरते. आज १० च्या खाली न दिसणारे औषध उद्या दुसऱ्या प्रयोगशाळेत २ ला दिसेल.

उरलेल्या चौदाशे पक्ष्यांचे. आजच टाकी रिकामी करा, आतून ब्रशने घासा, लाइन उलट दिशेने जोरात धुवा, शेवटचे बूच उघडे ठेवून पाणी पूर्ण स्वच्छ येईपर्यंत सोडा. ओले, गोळे झालेले तूस खरवडून काढा आणि वर नवे कोरडे तूस पसरा. खाद्य ज्या पोत्यातून चालू आहे त्याचे लेबल पाहा. फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात, क्लोरटेट्रासायक्लिन वगैरे प्रतिजैविक मिसळलेले असेल तर दुसरे खाद्य आणा, नाहीतर एन्रो उतरेल आणि दुसरेच काही सापडेल. हे करून सात दिवसांनी सहा पक्षी कापून नमुना पाठवा. चौदाशे पक्षी या वयात दिवसाला सहा पोती खाद्य खातात, वजनाची वाढ मंदावलेली असते, म्हणजे रोजचा तोटा दिसतो. तरीही रिपोर्ट येईपर्यंत थांबायचे, आणि कोऱ्या लेबलचे वर सांगितलेले २८ दिवस कायद्याने लागू आहेतच. "लोकलला काढून टाकू, तिथे कोण तपासतो" हा सल्ला तुम्हाला चार जण देतील. ज्यांच्या ताटात ते जाणार ते लोकही तुमच्याच तालुक्यातले आहेत. शिजवल्यावर औषध जाते ही समजूतही चुकीची आहे: एन्रोफ्लॉक्सासिन उष्णतेला टिकते, उकळल्यावर काही भाग मांसातून रश्श्यात उतरतो, इतकेच. रस्सा कोणी ओतून देत नाही.

फ्रीजरमध्ये पडलेल्या अडीच हजारांचेही तेच. गोठवून ठेवल्याने एन्रो कमी होत नाही. तो माल दोन महिन्यांनी तपासला तरी १७० च्या आसपासच निघेल.

आता तुमचा तिसरा प्रश्न, माल जाण्याआधी तपासण्याचा. यासाठी तुम्हाला दोन पायऱ्या लागतील: शेडवर झटपट तपासणीची पट्टी, आणि शंका असेल किंवा करारात असेल तर प्रयोगशाळा.

पट्टी घेताना "क्विनोलोनसाठी, मांसाच्या नमुन्याला चालणारी" अशी मागा. दुधाची पट्टी मांसाला चालत नाही. पट्टीवर दोन रेघा येतात, आणि वाचन गरोदरपणाच्या पट्टीच्या उलट असते. दोन्ही ठळक रेघा म्हणजे औषध नाही किंवा ओळखण्याच्या पातळीखाली आहे. चाचणीची रेघ फिकट पडली किंवा गेली म्हणजे औषध आहे. कंट्रोलची रेघच नाही आली तर पट्टी बाद. निम्मा गोंधळ इथेच होतो. पट्टी आणि बफर (किटमधले द्रावण) फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवा, मग पाकीट फोडा. थंड पट्टीवर दव धरते आणि रेघा पसरतात. मांस चरबी काढून अगदी बारीक करा, किटच्या पत्रकात सांगितले तितक्याच वजनाला तितकेच द्रावण घ्या. "अंदाजे दोन ग्रॅम" चालत नाही. दहा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा सोनाराचा छोटा काटा घ्या. चरबीचा थर वर आला असेल तर त्याखालचे स्वच्छ पाणी घ्या, चरबी पट्टीत गेली की प्रवाह अडतो. सांगितलेल्या मिनिटालाच वाचा. अर्ध्या तासाने वाळलेल्या पट्टीवर काहीही दिसते.

पट्टी खरेच काम करते का हे पाहायला एक नमुना स्वतः तयार करा. कुठल्याही पाकिटातली पट्टी वापरण्याआधी हे एकदा करायचेच. दहा टक्क्यांचे औषध १ मिली घेऊन १ लिटर पाण्यात मिसळा. त्यातले १ मिली घेऊन १०० मिली पाण्यात मिसळा. या दुसऱ्या पाण्यात मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम औषध आहे. यातले १ मिली, औषध न दिलेल्या पक्ष्याच्या १० ग्रॅम बारीक केलेल्या मांसात नीट मिसळून अर्धा तास मुरू द्या. झाले किलोला १०० मायक्रोग्रॅमचे मांस, बरोबर मर्यादेवर. याच्यावर रेघ फिकी पडली पाहिजे. पडली नाही तर ती पट्टी तुमच्या कामाची नाही. दुसरीकडे औषध न दिलेले मांस तसेच लावून दोन ठळक रेघा येतात का पाहा. ते मांस बाजारातून आणू नका. बाजारातली कोंबडी औषधमुक्त असेलच असे कोणी सांगावे? दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले ७० नमुने तपासले तेव्हा ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अवशेष निघाले होते. घरी सोडलेल्या, कधी औषध न घेतलेल्या गावरान कोंबडीचे मांस वापरा. आणि हे मिश्रण शेडपासून लांब, वेगळ्या भांड्यांत करा. त्या पहिल्या लिटरातला एक थेंब खऱ्या नमुन्यावर पडला तर एक निर्दोष लॉट नापास झालाच म्हणून समजा.

नमुना कोणते पक्षी कापून घ्यायचा, यात सगळे चुकतात. हाताला लागला तो पक्षी घेऊ नका. लाइनच्या सुरुवातीचे दोन, मधले दोन, टोकाचे दोन, असे सहा घ्या, माल उचलण्याच्या तीन-चार दिवस आधी. प्रत्येकाच्या छातीचे शंभरेक ग्रॅम मांस, कातडी आणि हाड काढून. हाडाचा चुरा मांसात जाऊ देऊ नका. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे कॅल्शियमला धरून हाडात बसतात आणि चुरा मिसळला तर आकडा फुगतो. सहाही काळजे वेगळ्या पाकिटात ठेवा. ज्याने त्या लॉटला औषध पाजले त्याने नमुना कापू नये. नवे हातमोजे, धुतलेली सुरी, लाकडी ओंडक्याऐवजी स्वच्छ स्टीलचे ताट. मांस मिठाच्या किंवा जंतुनाशकाच्या पाण्यात धुवू नका.

सगळे मिसळून दोन सारखे भाग करा. एक प्रयोगशाळेला, एक तुमच्याकडे सीलबंद. पाकिटावर न पुसणाऱ्या पेनने लॉट, दिनांक, पक्ष्यांचे वय, भाग, औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसाचा दिवस. उणे १८ किंवा त्याखाली गोठवा, थर्माकोलच्या डब्यात गोठवलेल्या जेल-पाकिटांमध्ये ठेवा आणि सोमवारी-मंगळवारी पाठवा. शनिवारी पाठवलेला डबा रविवारी कुरियरच्या गोदामात वितळतो. वितळून पुन्हा गोठलेला नमुना चांगली प्रयोगशाळा नाकारते. एन्रो तग धरते, पण अमॉक्सिसिलिनसारखी औषधे फ्रीजरमध्येही हळूहळू मोडतात. तुमच्याकडचा भाग वर्षभराने काढून "बघा, निगेटिव्ह" म्हणण्यात अर्थ नाही.

प्रयोगशाळा निवडताना भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून थांबू नका. एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेला व्याप्तीची यादी जोडलेली असते. तीत "मांस व मांसपदार्थ" आणि तुम्हाला हवे ते औषध, दोन्ही एका ओळीत आहेत का ते पाहा. दुधासाठी मान्यता असलेल्या प्रयोगशाळेने मांसाचा रिपोर्ट दिला तर व्यापारी तो मानणार नाही. मागणीपत्रात लिहा: एन्रोफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दोन्ही, एलसी-एमएस/एमएसने (प्रत्येक औषध वेगळे करून अचूक मोजणारे यंत्र), प्रत्येकाची मोजणीची किमान पातळी रिपोर्टवर छापून. नुसते "आढळले नाही" असे लिहिलेल्या कागदाला किंमत नाही, कितीपर्यंत पाहिले ते दिसले पाहिजे. हे क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्याबाबत तर फारच. ती औषधे बंद आहेत, त्यांना "चालते" अशी पातळी नाही, म्हणून किलोला ०.३ मायक्रोग्रॅमसारख्या अतिसूक्ष्म प्रमाणात पाहावे लागते. किमान पातळी १० असलेल्या पद्धतीने "क्लोरॅम्फेनिकॉल आढळले नाही" म्हणणे म्हणजे डोळे मिटून काही दिसले नाही म्हणण्यासारखे. नायट्रोफ्युरानच्या रिपोर्टला एखादा दिवस जास्त लागतो, त्याला आळस समजू नका: औषध स्वतः काही तासांत नाहीसे होते, त्याचे तुकडे मांसाच्या प्रथिनांना चिकटून राहतात, आणि ते सोडवायला नमुना आम्लात रात्रभर ३७ अंशाला ठेवावा लागतो. कोलिस्टिनही जुलै २०१९ पासून कोंबड्यांना देणे बंद आहे. जुनी पुडी कपाटात असेल तर काढून टाका.

सगळ्या औषधांची एकत्र तपासणी महाग पडते, आणि तुमच्यासारख्या स्वतःचे खाद्य-औषध पाहणाऱ्याला दर लॉटला तिची गरज नाही. त्या लॉटला जे दिले तेवढेच तपासा, वर्षातून एकदा सगळे तपासा. मात्र खाद्य बाहेरचे आणत असाल तर नवे खाद्य सुरू केल्यावरच्या पहिल्या लॉटला पूर्ण तपासणी करा.

व्यापाऱ्याला आज फोन करून दोन गोष्टी मागा: रिपोर्टची पूर्ण प्रत, नमुन्याच्या वर्णनाच्या पानासह, आणि त्याने राखून ठेवलेल्या नमुन्यातला अर्धा भाग. नंतर उरलेल्या चौदाशेंचा रिपोर्ट चांगला आला तर त्याच्यापुढे ठेवायला तुमच्याकडे टाकी धुतल्याची तारीख, बाटलीचा बॅच क्रमांक आणि सात दिवसांच्या नोंदी असू द्या. बाटली फेकली नसेल तर जपून ठेवा. फेकली असेल तर दुकानदाराकडून बिलाची प्रत घ्या, त्यावर बॅच क्रमांक असतो.